फ्लाइट सिममध्ये आवाज वारंवार जातोय? आधी तो कधी जातो ते पाहा

विमान व्यवस्थित उडतंय, इंजिनांचे काटे जागच्या जागी आहेत, खिडकीबाहेर ढग मागे सरकताहेत आणि कॉकपिटमध्ये मात्र चिडीचूप. सिम, म्हणजे संगणकावर विमान उडवायचं फ्लाइट सिम्युलेटर, बंद करून पुन्हा उघडलं की आवाज परत. दोन उड्डाणं नीट होतात, तिसऱ्याला पुन्हा तेच. यावर पहिला उपाय म्हणून बहुतेक जण साउंडचा ड्रायव्हर (आवाजाचं उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) काढून नव्याने टाकतात. मीही बरीच वर्षं तेच करत आलो. तात्पुरता गुण यायचा, पण तो ड्रायव्हरचा नव्हता. ड्रायव्हर टाकल्यावर संगणक रीस्टार्ट करावा लागतो, आणि गुण त्या रीस्टार्टचा होता. दुखणं जिथल्या तिथे.

कधीतरी एकदाच झालेला बिघाड शोधणं अवघड असतं. पुन्हा पुन्हा होणारा त्या मानाने बरा, कारण त्याची यायची वेळ ठरलेली असते. नुसतं ‘आवाज जातो’ म्हटल्याने काही कळत नाही. सिम उघडल्यापासूनच तो नसतो, की रेडिओवर बोलायला लागलं की दबतो? मोठ्या विमानतळावर उतरताना तडतडतो, की तासाभराने अचानक तुटतो? या चार वेगळ्या तक्रारी आहेत आणि एकीचं औषध दुसरीला चालत नाही. म्हणून काहीही बदलण्याआधी दोन-तीन उड्डाणं वही जवळ ठेवा. आवाज गेला तेव्हा किती वाजले होते, त्याआधीच्या मिनिटभरात तुम्ही काय दाबलं, काय जोडलं, काय बंद केलं, एवढंच टिपा. मला आठ महिने पिडलेला एक घोळ या वहीमुळे दोन संध्याकाळींत सापडला. तो पुढे येईलच.

खाली जे लिहिलंय ते विंडोज १० आणि ११ धरून आहे.

आधी हिरवी पट्टी

ही तपासणी आवाज गेलेला असतानाच करायची, सिम बंद न करता. एकदा सिम बंद केलं की पुरावा गेला.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग साउंड, आणि तिथे ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ असं लिहिलेलं दिसेल, त्यावर क्लिक करा. विंडोज १० मध्ये त्याच पानावरचं ‘साउंड कंट्रोल पॅनल’ घ्या. जुन्या धाटणीची एक छोटी खिडकी उघडते. तिच्या ‘प्लेबॅक’ टॅबमध्ये संगणकाला माहीत असलेली आवाजाची सगळी उपकरणं एकाखाली एक दिसतात आणि प्रत्येकाच्या शेजारी एक बारीक उभी पट्टी असते. ज्या उपकरणाकडे आवाज जातोय त्याची पट्टी हिरवी होऊन खालीवर होते.

तुमच्या कानावर असलेल्या हेडफोनचीच पट्टी हलत असेल आणि तरी ऐकू येत नसेल, तर संगणकाने आपलं काम केलंय. वायर, पिन, किंवा वायरवरचं ते छोटं आवाजाचं चाक बघा. हसू नका, मांडीवर नकाशे आणि चेकलिस्ट घेऊन बसलेल्या माणसाकडून ते चाक सहज फिरतं. दुसऱ्याच कुठल्या उपकरणाची पट्टी नाचत असेल, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आवाज तयार होतोय, पण भलत्या घरी जातोय. आणि एकही पट्टी हलत नसेल, तर सिमकडून आवाज निघतच नाहीये, किंवा निघतो तो व्हॉल्यूम मिक्सरमध्ये (विंडोजमधली प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा ठरवायची जागा) गप्प केला जातोय.

याच वेळी दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये गाणं लावा. गाणं नीट वाजलं तर विंडोज, ड्रायव्हर आणि हेडफोन तिघेही निर्दोष, आणि शोध सिमपुरता उरला. गाणंही वाजलं नाही तर सिमला हात लावू नका. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात माझे अनेक शनिवार गेलेत, त्यात एकदा शंभरहून अधिक जीबीचं सिम पुन्हा उतरवून घेणंही आलं.

आवाज पहिल्यापासूनच नाही

बहुतेक सिम्युलेटर सुरू होताना विंडोजला विचारतात की सध्याचं डिफॉल्ट, म्हणजे वेगळं काही न सांगता वापरायचं, उपकरण कोणतं, आणि त्याच्याशी गाठ बांधून घेतात. नंतर तुम्ही हेडफोन जोडलेत तर काही सिम स्वतःहून तिकडे वळतात, काही जुन्यालाच धरून बसतात. म्हणून हेडफोन, व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवायचा पडदा), माइक जे काही लागणार असेल ते आधी जोडायचं आणि मगच सिम उघडायचं. एवढ्या एका सवयीने निम्म्या तक्रारी मिटतात असं माझं मत आहे.

उरलेल्या निम्म्यांत मोठा वाटा मॉनिटरचा. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या दोन्ही वायरी चित्राबरोबर आवाजही नेतात, त्यामुळे विंडोजच्या लेखी जवळपास प्रत्येक मॉनिटर हा एक स्पीकर असतो, भले त्याला स्पीकर नसू दे. ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरसोबत आवाजाचा स्वतंत्र ड्रायव्हरही येतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला की कधी कधी हे मॉनिटर पुन्हा ‘नवीन उपकरण’ म्हणून दाखल होतात आणि डिफॉल्टची खुर्ची पटकावतात. ‘ड्रायव्हर अपडेट केल्यापासून आवाज गेला’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. सिम खेळणारी मंडळी ग्राफिक्सचे ड्रायव्हर फार हौसेने बदलतात, त्यामुळे आपल्याला हा त्रास इतरांपेक्षा जास्त.

उपाय साधा आहे. त्याच प्लेबॅक टॅबमध्ये जी उपकरणं तुम्ही कधीच ऐकायला वापरत नाही, त्यांच्यावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करा. ड्रायव्हर उडवायचा नाही, नुसतं डिसेबल. मॉनिटर तर बहुधा असतोच, पण हेडफोनचा जॅक असलेला गेम कंट्रोलर किंवा कपाटात पडलेला व्हीआर हेडसेटही अधूनमधून या यादीत उगवतो. मग आपल्या हेडफोनवर ‘सेट डिफॉल्ट’ करा. तिथेच डिफॉल्ट आणि डिफॉल्ट कम्युनिकेशन अशी दोन वेगळी पदं आहेत हे पाहून ठेवा. पहिलं साध्या आवाजासाठी, दुसरं बोलण्याच्या प्रोग्रॅमसाठी.

यानंतरही सिम हट्टाने दुसरीकडेच वाजत असेल तर प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी निवड तपासा. विंडोज ११ मध्ये साउंडच्या पानावर ‘व्हॉल्यूम मिक्सर’ आहे. विंडोज १० मध्ये त्याचं नाव ‘ॲप व्हॉल्यूम अँड डिव्हाइस प्रेफरन्सेस’ असं लांबलचक आहे. सिम चालू असेल तरच त्याची ओळ तिथे दिसते. कधीकाळी तुम्ही त्या ओळीत सिमसाठी व्हीआर हेडसेट निवडला असेल, तर विंडोज ते विसरत नाही. डिफॉल्ट कितीही बदला, सिम त्या जुन्या हेडसेटलाच शोधत राहतं. तिथे ‘डिफॉल्ट’ निवडा, किंवा सगळाच गुंता झाला असेल तर खालचं ‘रीसेट’ दाबून टाका.

आता माझा आठ महिन्यांचा घोळ. लांबच्या उड्डाणात आवाज जायचा, छोट्या उड्डाणात कधीच नाही. मला वाटलं, सिमची मेमरी भरत असणार. वहीत पाच नोंदी झाल्यावर लक्षात आलं की पाचही वेळा मी क्रूझमध्ये (विमान उंचीवर सरळ चाललेलं असताना) उठून जेवायला गेलो होतो, आणि जाताना मॉनिटरचं बटण बंद केलं होतं. माझे हेडफोन मॉनिटरच्या मागच्या जॅकला होते. डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर बटणाने बंद केला की विंडोजच्या दृष्टीने तो उपटून काढल्यासारखा असतो, आणि त्याच्यासोबत त्याचा ‘स्पीकर’ही जातो. सिमने ज्याच्याशी गाठ बांधली होती ते उपकरणच नाहीसं झालं. मी परत येऊन मॉनिटर लावला तेव्हा उपकरण आलं, पण गाठ काही पुन्हा बसली नाही. हेडफोनची पिन काढून संगणकाच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये घातली. तेव्हापासून ती तक्रार नाही.

रेडिओ उघडला की इंजिन दबतं

वॅटसिम किंवा इव्हाओवर, म्हणजे जिथे खरी माणसं हवाई नियंत्रक (कंट्रोलर) होऊन रेडिओवर बोलतात त्या ऑनलाइन जाळ्यांवर, पहिल्यांदा उडणाऱ्याला हा अनुभव हमखास येतो. धावपट्टीच्या तोंडाशी उभे आहात, कंट्रोलरने हाक मारली आणि त्याच क्षणी दोन्ही इंजिनं जणू पन्नास मीटर मागे गेली. माझा हात तर थ्रॉटलवर, इंजिनाची ताकद वाढवायच्या दांड्यावर, गेला होता. एन वनचा (इंजिनाच्या पंख्याच्या वेगाचा) काटा हललेला नव्हता म्हणून थांबलो.

ही विंडोजची मुद्दाम ठेवलेली सोय आहे, विंडोज ७ पासून. कुठलाही प्रोग्रॅम ‘मी संभाषणासाठी आवाज वापरतोय’ असं जाहीर करतो, तेव्हा विंडोज बाकीच्यांचा आवाज खाली आणतं. काही बदललेलं नसेल तर तो ८० टक्क्यांनी कमी होतो. फोनवर बोलताना गाणं हळू व्हावं यासाठी ते ठीक आहे. कॉकपिटमध्ये मात्र इंजिन, वारा, चाकं, इशाऱ्याची घंटी सगळंच त्या ‘बाकीच्यांत’ येतं.

जुन्या साउंड खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा शेवटचा टॅब आहे. त्यात चार पर्याय आहेत: सगळं गप्प करा, ८० टक्के कमी करा, ५० टक्के कमी करा, आणि ‘डू नथिंग’. शेवटचा निवडा, ओके करा, आणि सिमसकट बोलण्याचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. डिस्कॉर्ड वापरत असाल तर त्याच्या व्हॉइसच्या सेटिंगमध्येही ‘अटेन्युएशन’ म्हणून तसाच एक स्वतंत्र सरकता दांडा आहे, तो शून्यावर आणा. विंडोजमध्ये बंद केलं तरी फरक पडत नाही म्हणून वैतागणारे बहुतेक या दुसऱ्या दांड्यापाशी अडकलेले असतात.

आवाज नुसता हळू न होता एकदम जुन्या टेलिफोनसारखा पातळ, नाकातला येत असेल, तर कारण वेगळं आहे आणि तुमचा हेडसेट बहुतेक ब्लूटूथचा आहे. ब्लूटूथ हेडसेट दोन पद्धतींनी काम करतो. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा स्टिरिओ आणि चांगल्या दर्जाचं. पण त्याच हेडसेटचा माइक कुणी उघडला की तो फोनवर बोलण्याच्या पद्धतीत जातो. त्यात एकच वाहिनी असते आणि सेकंदाला सहसा ८,००० किंवा १६,००० नमुने (आवाजाची बारीक मोजमापं). एरवी सिमचा आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी येतो. जेटची वरच्या पट्टीतली शीळ, पावसाचे थेंब, फ्लॅप्सच्या मोटरचं गुणगुणणं, सगळं त्या गाळणीत अडकतं. विंडोज १० मध्ये तर एकाच हेडसेटच्या दोन नोंदी दिसतात, एक स्टिरिओची, एक हँड्स-फ्रीची. सिम स्टिरिओच्या नोंदीला बांधलेलं असताना माइक उघडला, तर आवाज पातळही होत नाही, थेट बंद पडतो.

यात हेडसेटचा दोष नाही, त्यामुळे तो बदलून तसाच दुसरा ब्लूटूथ आणण्यात अर्थ नाही. माइक दुसरीकडचा घ्या. वेबकॅममधला, टेबलावरचा यूएसबी माइक, काहीही चालेल. मग ‘रेकॉर्डिंग’ टॅबमध्ये ब्लूटूथच्या माइकची नोंद डिसेबल करून टाका, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅमला तो चुकूनही उघडता येणार नाही. ‘मी तर माइक वापरतच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात माइकचं चिन्ह दिसतंय का ते पाहावं. ते दिसत असेल तर कुणीतरी ऐकतंय: आवाजी आज्ञा घेणारा एखादा प्रोग्रॅम, कृत्रिम एटीसी (संगणकाचाच हवाई नियंत्रक), किंवा सकाळच्या मीटिंगचा ब्राउझरमध्ये उघडाच राहिलेला टॅब. वायरवाला हेडसेट असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा. सिमसाठी मी तरी वायरवालाच सांगेन.

मोठ्या विमानतळाजवळ तडतड

ही तक्रार सगळ्यांत चिवट. समुद्रावर, शेतांवर सगळं सुरळीत, आणि मोठं शहर जवळ आलं की आवाजात मीठ भुरभुरल्यासारखी तडतड. कधी शब्द तुटतो, कधी इंजिनाचा आवाज अडखळतो.

आवाज संगणकातून सलग वाहत नाही. विंडोज तो छोट्या घासांत मागतं, साधारण दर १० मिलिसेकंदांनी एक. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर एका घासात ४८० नमुने. पुढचा घास वेळेवर आला नाही की तिथे खड्डा पडतो आणि आपल्याला ‘टक’ ऐकू येतं. चित्राचा एखादा फ्रेम २० मिलिसेकंद उशिरा आला तर डोळा सांभाळून घेतो. कान घेत नाही. मोठ्या विमानतळावर इमारती, उभी विमानं, गाड्या, हवामान या सगळ्यांचं ओझं प्रोसेसरवर एकदम येतं आणि आवाजाचा घास मागे राहतो.

पण उशीर सिममुळे होतोय की दुसऱ्याच कुणामुळे, हे आधी ठरवायचं. तडतड चालू असताना बाजूला गाणं लावा. गाणं स्वच्छ आणि सिम तडतडतंय, तर ओझं सिमचं. गाणंही तडतडतंय, तर संगणकातलं आणखी काहीतरी आवाजाची वाट अडवतंय.

ओझं सिमचं असेल तर फ्रेम रेटला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची त्या आकड्याला, लगाम घाला. प्रोसेसरला पूर्ण मोकळं सोडलं की तो प्रत्येक क्षण चित्रासाठी खर्च करतो आणि शिल्लक काही राहत नाही. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ३० फ्रेमची मर्यादा घातली तर चित्रही एका लयीत राहतं आणि आवाजाला श्वास मिळतो. मग विमानतळावरची वाहनं आणि इतर विमानांची गर्दी कमी करा. आकाशाची गुणवत्ता कमी करून इथे फारसं हाती लागत नाही, कारण ढगांचा मोठा भार ग्राफिक्स कार्ड उचलतं आणि आपली अडचण प्रोसेसरची आहे.

दोन्ही तडतडत असेल तर हेडफोनच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा. ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये २४ बिट, ४८,००० हर्ट्झ निवडा. कुणाच्या तरी सल्ल्याने ते १,९२,००० वर नेऊन ठेवलं असेल तर परत खाली आणा. कानाला फरक काही नाही, फक्त चौपट नमुने वाहून नेण्याचं काम. तिथेच ‘एन्हान्समेंट्स’ बंद करा आणि स्पेशियल साउंड ‘ऑफ’ करा. विंडोज सॉनिक किंवा डॉल्बीचा थर सिममध्ये कुणाला आवडतही असेल, पण शोध चालू असताना मधली माणसं जितकी कमी तितकं बरं. याच टॅबमध्ये ‘एक्सक्लुझिव्ह कंट्रोल’ची खूण आहे, तीही काढून ठेवा. ती असली की एखादा गाण्यांचा प्रोग्रॅम हेडफोनवर एकट्याचा ताबा सांगू शकतो आणि सिम पूर्ण मुकं होतं.

एवढं करून तडतड राहिलीच, तर लेटन्सीमॉन नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. तो चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं उडा आणि मग त्याचा ‘ड्रायव्हर्स’ टॅब पाहा. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवून ठेवतो ते तिथे आकड्यांत दिसतं. वर नेटवर्कचा ड्रायव्हर दिसला तर वायफाय बंद करून वायरने इंटरनेट जोडून पाहा. ग्राफिक्सचा दिसला तर आधीच्या आवृत्तीवर जाऊन पाहा. लॅपटॉपवर पॉवर प्लॅन बॅटरी वाचवण्याचा असेल तर तो आधी बदला, मगच बाकी सगळं. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक वेळी तोच विमानतळ, तेच विमान, तेच हवामान घ्या. पाच गोष्टी एकदम बदलून आवाज सुधारला तर सुंठीवाचून खोकला गेल्याचा आनंद होतो खरा, पण पुढच्या वेळी खोकला आला की सुंठ कुठे ठेवली ते आठवत नाही.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) अमुक आकडा टाका, प्रोसेसरचे निम्मे कोअर बंद करा, असले उपाय खूप फिरतात. मी त्यातले बरेच करून पाहिलेत आणि सगळे उलटवलेत.

ठरावीक वेळाने तुटणं

यूएसबी हेडसेट असेल आणि आवाजाबरोबर विंडोजची ती ‘टुं-डुक’ अशी उपकरण सुटल्याची घंटी वाजत असेल, तर आवाजाच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका. वीज कमी पडतेय किंवा विंडोज ती वाचवतंय. यूएसबी २ च्या एका पोर्टमधून ५०० मिलिॲम्पियर आणि यूएसबी ३ च्या पोर्टमधून ९०० मिलिॲम्पियर एवढाच पुरवठा ठरलेला आहे. वेगळी वीज नसलेल्या हबवर (एका पोर्टची अनेक पोर्टं करणाऱ्या डबीवर) योक (विमानाचं सुकाणू), थ्रॉटल, पेडल्स, दिव्यांचं एखादं पॅनल आणि वर हेडसेट असं सगळं लटकवलं की तेवढ्याच विजेत सगळ्यांची वाटणी होते. हेडसेट हबवरून काढून थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला द्या. हबला स्वतःचा ॲडॅप्टर असेल तर उत्तम.

त्यानेही भागलं नाही तर पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली, वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा.

सिमच्या आतलं

हे थोडक्यात, कारण इथे फार काही लपलेलं नसतं. सिमच्या साउंडच्या पानावर एकच दांडा नसतो. इंजिन, कॉकपिट, इशारे, वातावरण, एटीसी अशा वेगवेगळ्या दांड्या असतात. फक्त एटीसी गप्प असेल तर तीच दांडी आणि तिचं भाषणाचं सेटिंग बघा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२० च्या आवृत्तीत हे बोलणं इंटरनेटवरून येतं की संगणकातूनच, हे निवडता येतं. इंटरनेट डळमळीत असेल तर संगणकातलं घ्या. खिडकी मागे गेली की आवाज बंद करणारा पर्यायही काही सिममध्ये असतो. दुसऱ्या मॉनिटरवर चार्ट उघडताना आवाज जातो आणि विमानावर क्लिक केलं की येतो, असं होत असेल तर तेच.

२००६ चं एफएसएक्स (मायक्रोसॉफ्टचं फ्लाइट सिम्युलेटर एक्स) अजून वापरणारे आहेत, त्यांच्यासाठी: त्यात क्यू हे अक्षर आवाज चालू-बंद करतं. चॅटमध्ये टाइप करताना कर्सर चॅटच्या चौकटीत नसेल तर पहिल्या क्यूला विमान मुकं होतं. जुन्या सिमची सेटिंगची फाइल बिघडल्याचा संशय असेल तर ती पुसू नका, तिचं नाव बदला. सिम पुढच्या वेळी नवी फाइल स्वतः तयार करतं. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिममध्ये हेच ‘आउटपुट’मधल्या ‘प्रेफरन्सेस’ फोल्डरचं नाव बदलून होतं. मात्र की आणि जॉयस्टिकची सगळी मांडणीही त्यात असते, ती पुन्हा करावी लागेल.

सगळंच अडलं आणि उड्डाण वाचवायचं असेल, तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘विंडोज ऑडिओ’ रीस्टार्ट करता येतं. कधी आवाज परत येतो, कधी सिम उघडंच असताना येत नाही. हा उपाय नव्हे, मलमपट्टी.

जो बिघाडच नाही

शेवटी दोन आवाज, ज्यांच्यामागे मी हेडफोनपासून ड्रायव्हरपर्यंत सगळं तपासून झालो होतो.

वॅटसिमवर लांबच्या कंट्रोलरचा आवाज खरखरीत येतो आणि जवळ गेलं की स्वच्छ होतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तिथली आवाजाची यंत्रणा बदलली, तेव्हापासून ती खऱ्या व्हीएचएफ रेडिओसारखी वागते: अंतर वाढलं की खरखर, आणि दोघे एकदम बोलले की कर्कश किंचाळी. हेडसेट ठणठणीत आहे. उंची घ्या.

दुसरा म्हणजे इंजिनाच्या आवाजामागून थांबून थांबून येणारा बारीक ‘टिट-टिट-टीट’. पाच मिनिटं तो छळतो, मग विमान पुढे गेलं की आपोआप विरतो, आणि परतीच्या वाटेवर त्याच जागी पुन्हा सुरू. मी यूएसबीचं पोर्ट बदललं, वायर बदलली, फ्रेम रेट उतरवला. तो १,०२० हर्ट्झचा सूर होता. व्हीओआर स्टेशन (विमानांना दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र) आपली ओळख मोर्सच्या ठिपक्या-रेघांत सांगत होतं, आणि कॉकपिटच्या ऑडिओ पॅनलवर नॅव्ह वनचं, म्हणजे पहिल्या दिशादर्शक रेडिओचं, बटण कधीतरी माउसच्या धक्क्याने आत गेलं होतं. बटण बाहेर काढलं, स्टेशन गप्प.